त्या दुसऱ्या माणसाचं काय झालं?

रविवारी चर्चच्या उपासनेत एका पाहुण्यानं साक्ष दिली, म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगितलं. पन्नाशीचा, अंगानं आडवा, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि मनगटावर जुन्या गोंदणाचा निळसर डाग. हात उचलून बोलला की तो डाग बाहीतून बाहेर यायचा, हात खाली गेला की लपायचा. लहानपणीची मारझोड, घरातून पळून जाणं, टोळी, दारू, वसुली, आणि मग एका रात्री भांडणात त्यानं चाकू चालवला. ती रात्र त्यानं अशी उभी केली की मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबली. पुढे तुरुंग, कुणीतरी हातात दिलेलं शुभवर्तमान, गुडघे टेकून केलेली पहिली प्रार्थना, बाप्तिस्मा, सुटका, लग्न, मुलगी. लोकांनी ‘हालेलुया’ म्हटलं, काहींनी डोळे पुसले, मीही पुसले. सगळे गीतासाठी उभे राहत होते तेव्हा शेजारच्या आजी माझ्याकडे झुकल्या. उपासनेत सहसा कुणाशी एक शब्दही न बोलणाऱ्या. म्हणाल्या, “आणि ज्याला चाकू लागला, त्याचं काय झालं गं?”

मला सांगता येईना. साक्षीत ते आलंच नव्हतं. तो माणूस त्या रात्रीपुरता गोष्टीत आला होता, जमिनीवर पडला होता, आणि तिथून पुढे गोष्ट चाकू धरणाऱ्याची झाली होती. पडलेला माणूस जगला की गेला, त्याच्या घरी कोण होतं, त्याची मुलं आज काय करतात, यातलं काहीही आम्हा कुणाला कळलं नाही. खरं सांगायचं तर आजींनी विचारेपर्यंत कुणाला त्याची उणीवही भासली नव्हती.

साक्षींमध्येच मी वाढले. मला त्या आवडतात. पंडिताच्या प्रवचनानं जे होत नाही ते एखाद्या अडखळत बोलणाऱ्या माणसाच्या दहा मिनिटांनी होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण साक्षीला एक ठरलेली चाल आपोआप येते. अंधाराचा भाग लांबत जातो, कारण तो ऐकायला लोक पुढे सरकून बसतात. उजेडाचा भाग आटोपता घेतला जातो, कारण रोज सकाळी वेळेवर उठणं, कर्ज थोडंथोडं फेडणं, राग गिळणं यात सांगण्यासारखं नाट्य नसतं. पुन्हापुन्हा सांगून गोष्ट गुळगुळीत होते. सांगणाऱ्याचा यात दोष असतोच असं नाही, आम्ही ऐकणारेच ती तशी मागतो. आणि या घासाघाशीत सगळ्यात आधी निसटतो तो दुसरा माणूस.

आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, काहीजण कैद्यांना भेटायला जातात, त्यांच्याबरोबर मीही जाते. तुरुंगात माणसाला एकांत मिळतो असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात मिळते ती गर्दी. रात्रीसुद्धा दिवा पूर्ण विझत नाही, कुणीतरी खोकत असतं, कुणीतरी झोपेत ओरडतं, किल्ल्यांचा आवाज लांबून जवळ येतो आणि पुन्हा लांब जातो. एकानं मला सांगितलं होतं की तो प्रार्थना डोक्यावर पांघरूण घेऊन करायचा. भाविक दिसणं म्हणजे मऊ दिसणं, आणि मऊ माणसाचं तिथे काही खरं नसतं. पांघरुणाखाली ओठसुद्धा हलवायचे नाहीत, श्वास झोपलेल्या माणसासारखा संथ ठेवायचा, असं त्यानं स्वतःला शिकवलं होतं. हे ऐकल्यापासून ‘तुरुंगात काय, सगळेच देवभक्त होतात’ हे वाक्य मला सहन होत नाही.

तरी ते वाक्य उगाच आलेलं नाही, हेही मला ठाऊक आहे. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, असं आपल्याकडे म्हणतात ते काही द्वेषापोटी नव्हे. फसल्याच्या अनुभवातून म्हणतात. शिक्षेत सूट मिळावी म्हणून गळ्यात क्रूस घालणारे असतात. बाहेर पडल्यावर तो क्रूस पहिल्याच वळणावर काढणारेही असतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार चार्ल्स कोल्सन वॉटरगेटच्या भानगडीत अडकले असताना, १९७३ मध्ये, आपण ख्रिस्ताकडे वळलो असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. मीही त्या काळात असते तर विश्वास ठेवला नसता. पुढच्या वर्षी त्यांनी गुन्हा कबूल केला, सात महिने तुरुंगात काढले, १९७६ मध्ये कैद्यांसाठी संस्था सुरू केली, आणि २०१२ मध्ये मरण येईपर्यंत ते तुरुंगांच्या फेऱ्या मारत राहिले. एवढी वर्षं कुणी सोंग वठवत नाही. पण हे कळायला तेवढी वर्षं जावी लागली, आणि संशय घेणाऱ्यांना तो घेण्याचा हक्क होता, असंच मला वाटतं.

आजींचा प्रश्न मात्र संशयाचा नव्हता. त्या पाहुण्याची श्रद्धा खोटी आहे असं त्या म्हणत नव्हत्या. श्रद्धा खरी आहे हे धरूनच त्या विचारत होत्या, आणि म्हणून तो प्रश्न मला सोडेना. मग ज्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले, त्या मी पुन्हा वाचायला काढल्या, दुसऱ्या माणसाला शोधत.

सगळ्यात जास्त दचकले ते जॉन न्यूटनपाशी. ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा न्यूटन. त्याची गोष्ट आम्हाला अशी सांगितली जायची: गुलामांचा व्यापार करणारा एक उद्धट खलाशी, समुद्रात वादळ, जहाज बुडायला आलेलं, त्याच्या तोंडून निघालेला देवाचा धावा, आणि बदललेला माणूस. वादळ खरंच झालं, मार्च १७४८ मध्ये. पण त्यानंतर न्यूटननं गुलामांचा व्यापार सोडला नाही. उलट त्यानंतरच तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. रविवारी वरच्या डेकवर तो खलाशांसाठी उपासना घ्यायचा, आणि त्याच फळ्यांच्या खाली आफ्रिकेतून आणलेली माणसं साखळदंडात, एकमेकांना चिकटून पडलेली असायची. १७५४ मध्ये त्यानं समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. १७६४ मध्ये तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाला, १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्यानं ते गीत लिहिलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली ती १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी.

चाळीस वर्षं! त्या आकड्यावर मी अडून राहिले. वरच्या डेकवर गायली जाणारी स्तोत्रं खाली ऐकू जात असतील का? जात असतील तर खालच्या माणसाला त्या देवाबद्दल काय वाटत असेल? न्यूटनवर मला फार राग आला, इतका की त्याचं गीत काही दिवस म्हणवेना. मग ती पुस्तिका वाचली. तो तिथे स्वतःला सोडत नाही. ज्या धंद्याच्या विचारानं आज काळीज थरथरतं त्यात मी स्वतः राबलो, ही शरम आयुष्यभर राहील, असं तो मोकळेपणी लिहितो, आणि जहाजांवर माणसांचं काय केलं जायचं ते एकेक करून सांगतो. पुढे संसदेच्या समितीपुढेही त्यानं तेच सांगितलं. ब्रिटिश संसदेनं १८०७ मध्ये हा व्यापार बंद केला आणि त्याच वर्षाच्या शेवटी न्यूटन वारला. मला आता वाटतं, त्याची खरी साक्ष ही होती. वादळाची गोष्ट त्याच्या जिवाची होती. या साक्षीत पहिल्यांदा तळाशी असलेली माणसं आली.

आपली वाल्याची गोष्टही या नजरेनं आठवून बघा. प्रत्येक वाटसरूला मारल्यावर तो रांजणात एक खडा टाकायचा, आणि असे सात रांजण भरले होते. लहानपणी मला त्या रांजणांची भीती वाटायची. आता वाटतं, एकाही खड्याला नाव नाही.

मग येतो येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर. या चोरानं माझी सगळी मांडणी उधळून लावली, आणि ते बरंच झालं. त्याला कुणाचं काहीही परत करायला वेळ नव्हता. हात ठोकलेले, काही तासांचं आयुष्य उरलेलं. शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांपैकी मत्तय आणि मार्क सांगतात की सुरुवातीला दोन्ही चोर येशूची निंदा करत होते, म्हणजे हाही त्यात होता. लूक सांगतो की मग यानं दुसऱ्याला थांबवलं आणि म्हटलं की आपल्याला मिळतंय ते आपल्या कृत्यांचं फळ आहे, यानं मात्र काहीच वाईट केलेलं नाही. ना बाप्तिस्मा, ना भरपाई, ना बदललेल्या आयुष्याचा एखादा तरी दिवस. तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. ज्याला त्यानं लुटलं होतं असा कुणी त्या गर्दीत उभा असेल तर हे ऐकून त्याला काय वाटलं असेल, हा विचार मला आधी कधी शिवला नव्हता. मला वाटतं त्याला संताप आला असेल, आणि त्या संतापाला मी नावं ठेवणार नाही.

फ्रान्समधल्या जाक फेशची हकिगत याच जातीची आहे. १९५४ मध्ये पॅरिसमध्ये दरोड्यानंतर पळताना त्यानं एका पोलिसाला गोळी घालून मारलं. कोठडीत त्याच्यात पालट झाला, आणि १ ऑक्टोबर १९५७ रोजी गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याची पत्रं आणि रोजनिशी वाचून कितीतरी लोक विश्वासात आले. पुढे त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याची प्रक्रिया चर्चनं सुरू केली तेव्हा अनेकांना ते रुचलं नाही. मेलेला पोलीस विधुर होता, त्याच्यामागे एक लहान मुलगी राहिली होती. फेशच्या कोठडीतला उजेड खरा होता असं मी मानते. त्या मुलीच्या घरातला अंधारही तेवढाच खरा होता. देवानं दोन्ही पाहिलं. मला दोन्ही एका वेळी नीट बघता येत नाहीत. एकाकडे बघायला गेले की दुसरं धूसर होतं.

बायबलमधल्या जक्कयाकडे वेळ होता, म्हणून त्याची गोष्ट वेगळी वळते. जकातदारांचा मुखिया, लोकांना नाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी उतरायला निघतो तेव्हा सगळे कुरकुरतात, आणि ही कुरकूर करणारे बहुतेक त्यानंच पिळलेले असणार. मग जक्कय उभा राहून म्हणतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबुली देणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असं होतं. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची शिक्षा होती. म्हणजे त्यानं सवलत नाकारून चोराची शिक्षा स्वतःहून मागून घेतली. इथे क्रम बघण्यासारखा आहे. येशू त्याच्याकडे आधी आला, हिशेब नंतर झाला. चौपट देणं ही आत येऊ देण्याची किंमत नव्हती. पण जो घरात आला त्याच्यासमोर बसून ते दुसऱ्यांचे पैसे तसेच पेटीत ठेवणं त्याला अशक्य झालं. कृपा म्हणजे काय हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या क्रमात जास्त कळतं.

पैसे चौपट करता येतात. जीव करता येत नाही.

अलेस्सांद्रो सेरेनेल्लीनं १९०२ मध्ये इटलीत अकरा वर्षांच्या मारिया गोरेत्तीवर बळजबरी करायचा प्रयत्न केला आणि तिनं विरोध केल्यावर तिला सुऱ्यानं भोसकलं. दुसऱ्या दिवशी ती गेली, जाताना त्याला क्षमा करून. तो वीस वर्षांचा होता, तीस वर्षांची शिक्षा झाली. सुरुवातीची काही वर्षं त्याला कसलाही पश्चात्ताप नव्हता. मग एका बिशपांची भेट, आणि मारिया स्वप्नात येऊन हातात लिलीची फुलं देते आहे असं त्यानं पाहिलं, आणि तो मोडला. सत्तावीस वर्षांनी तो सुटला. पुढे एकदा त्यानं मारियाची आई, आस्सुंता, हिच्या दारात जाऊन क्षमा मागितली. मुलीनं तुला क्षमा केली तर मी कशी नाकारू, असं ती म्हणाली, आणि नाताळच्या मिस्सेला दोघांनी शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घेतलं. १९५० मध्ये मारियाला संतपद मिळालं तेव्हा ती आई हयात होती. अलेस्सांद्रो १९७० मध्ये एका मठात वारला. तिथे तो बागेची आणि अशीच साधी कामं करायचा.

ही हकिगत मी कितीदा तरी ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या कुणावर तरी उगारलेली ऐकली आहे. बघा, तिनं क्षमा केली, मग तुम्हाला काय होतं? ज्याचं माणूस गेलं आहे त्याच्यासमोर असं बोलताना लोकांची जीभ कशी रेटते, मला कळत नाही. आस्सुंतानं दिलं ते तिचं देणं होतं, वसुली नव्हती. तिनं दार लावून घेतलं असतं, तरीही ती तितकीच प्रभूचं लेकरू राहिली असती. आणि अलेस्सांद्रोला जर क्षमा खरंच समजली होती, तर लावलेल्या दारासमोरून त्याला निमूट परत फिरता आलं असतं.

याच्या जोडीला मंडळीची परीक्षा असते, तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल दिमिष्कला आंधळा होऊन पडला होता तेव्हा तिथल्या हनन्या नावाच्या शिष्याला त्याच्याकडे जायला सांगितलं गेलं, आणि हनन्यानं आधी हरकत घेतली: या माणसानं तुझ्या लोकांचे किती हाल केलेत ते मी ऐकलंय. हे भीतीपोटी बोललेलं वाक्य बायबलनं पुसून टाकलं नाही, याचा मला मोठा आधार वाटतो. भीती घेऊनच तो गेला, हात ठेवले, आणि पहिला शब्द उच्चारला तो ‘भाऊ’. पुढे पौल झालेल्या या माणसानं विश्वासापायी स्तेफनाला दगडमार झाला तेव्हा मारेकऱ्यांचे कपडे आपण सांभाळत होतो हे स्वतः उघड सांगितलं. आणि यरुशलेमेतल्या ज्या मंडळीला त्यानं घराघरांतून फरफटत बाहेर काढलं होतं, तिच्यातल्या गरिबांसाठी त्यानं गावोगाव वर्गणी गोळा केली. ती पोचवायला तो जिवावर उदार होऊन स्वतः गेला.

आमच्याकडे एकजण आहे, पूर्वी घरफोड्या करायचा. अर्पणाची थैली त्याच्या बाकापर्यंत आली की तो ती दोन बोटांनी, काठाला धरून पुढे करतो, तळहात उघडा आणि सगळ्यांना दिसेल असा. कुणी त्याला तसं सांगितलेलं नाही. कुणाच्या घरी गेला तर हात टेबलावर ठेवून बसतो, बाईची पर्स जवळ पडलेली असेल तर उठून खुर्ची बदलतो. हे बघून मला गलबलून येतं आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटतं, की तो विसरलेला नाही. गेल्या नाताळनंतर पाळकांनी त्याला अर्पण मोजायला बसवलं, नेहमीच्या दोघांबरोबर. दोन कुटुंबं यावर नाराज झाली. पाळकांनी त्यांना रागावून गप्प केलं नाही, त्यांच्या घरी जाऊन बसले. त्यातल्या एका घरात पूर्वी चोरी झाली होती. यानं केलेली नव्हे, पण चोरीच. हे पाळकांनाही तिथे गेल्यावरच कळलं.

आणि आणखी एक जण, ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. त्याच्या हातून एकाचा जीव गेला होता. तो आत असताना मी त्याला ओळखायला लागले, आता तो बाहेर आहे. विश्वासात आल्यावर त्यानं त्या कुटुंबाला पत्र लिहिलं, चांगली आठ पानं, आणि पोस्टात टाकण्याआधी पाळकांना दाखवलं. पाळकांनी ते वाचून विचारलं, “यात तुझी प्रार्थना, तुझे अश्रू, तुझा बदल किती वेळा आलाय?” त्यानं मोजलं नाही, फाडलं आणि पुन्हा लिहिलं. दुसरं पत्र चार पानांचं झालं. तिसरं एका पानाचं: मी काय केलं, त्यात तुमच्या माणसाचा काहीही दोष नव्हता, आणि तुम्ही मला काहीही देणं लागत नाही. क्षमा हा शब्दही त्यानं त्यात ठेवला नाही, कारण तो वाचला की समोरच्याला होय किंवा नाही म्हणणं भाग पडतं. तेही थेट पाठवलं नाही. दोन्ही बाजूंना चालेल अशा एका मध्यस्थामार्फत आधी फक्त विचारलं, की असं एक पत्र आहे, हवं आहे का?

निरोप आला, नको.

तेव्हा तो खूप खचला, मी पाहिलं. पुन्हा विचारू का, असं त्यानं पाळकांना विचारलं, आणि पाळक म्हणाले, नाही, त्यांचं उत्तर आलंय. मग त्यांच्यासाठी प्रार्थना करणंही थांबवू का? पाळक म्हणाले, त्यांनी पत्र नाकारलंय, आणि प्रार्थना तू त्यांना ऐकवत नाहीस. ती चालू आहे. त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव तो घेतो, गेलेल्याचंही, आणि स्वतःचं शेवटी. वर्षं गेली पण त्यात काही बदललेलं नाही.

परवा मी त्याला विचारलं की उपासनेत साक्ष देशील का, लोक विचारतात. त्यानं बराच वेळ घेतला. म्हणाला, “देईन ना ताई. पण त्या घरातलं कुणी चुकून मागच्या बाकावर येऊन बसलं, तरी त्यांना पुन्हा लागणार नाही अशी सांगता आली पाहिजे. ती रात्र वगळून सांगितली तर खोटं होतं, आणि रंगवून सांगितली तर त्यांच्या माणसाला मी परत एकदा पाडतो.” तशी साक्ष तो लिहून बघतोय, म्हणाला. अजून जमलेली नाही.